देवमासा, पाणघोडा आणि वर्गीकरण शिकण्यात गेलेले नऊ महिने

गेल्या वर्षी मे महिन्यात मी फुलावर बसलेल्या एका मधमाशीचा फोटो काढला आणि आयनॅचरलिस्ट या, लोकांनी पाहिलेल्या जीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर टाकला. अंगावर पिवळे-काळे पट्टे, या फुलावरून त्या फुलावर जाणं, सगळं मधमाशीसारखंच. दुसऱ्या दिवशी कुणा अनोळखी जाणकाराने खाली एकच ओळ लिहिली होती: ‘पंख मोजून पाहा.’ फोटो मोठा केला. पंख दोनच होते. मधमाशीला चार असतात, एक पुढची जोडी आणि एक मागची. ही माशी होती. मागच्या पंखांच्या जागी उरलेल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या दोन गाठीसुद्धा फोटोत स्पष्ट दिसत होत्या. ते पट्टे पाहून पक्षी डंखाच्या भीतीने लांब राहतात आणि डंख नसलेली ही माशी वाचते.

चूक झाल्याचं काही वाटलं नाही. पण मी इतका वेळ पाहत होते ते नेमकं काय, हा प्रश्न मनातून जाईना. पट्टे पाहिले, पंख पाहिले नाहीत. मग कुठलं लक्षण पाहायचं आणि कुठलं सोडून द्यायचं, हे ठरवतं कोण? तेव्हापासून रीतसर शिकावं असं डोक्यात बसलं आणि एका वर्गीकरणशास्त्राच्या दूरस्थ अभ्यासक्रमाला अर्ज केला.

अर्जाचं आधी सांगते, कारण बरेच जण तिथेच गळतात. १२ जूनला अर्ज भरला. शाळा संपल्यावर मी जीवशास्त्राला हात लावलेला नव्हता, त्यामुळे मला पूर्वतयारीची एक छोटी चाचणी द्यावी लागणार होती: पेशी, ऊती, पेशीविभाजन, आनुवंशिकता, एवढंच. पहिला अर्ज परत आला, कारण सहीची स्कॅन केलेली प्रत वाचता येत नव्हती. पुन्हा पाठवला. चाचणी, तिचा निकाल आणि प्रवेशाचं पत्र यात एकूण २३ दिवस गेले. त्या काळात मी रोज मेल उघडून पाहत होते. त्याऐवजी पेशीची दोन प्रकरणं नीट वाचली असती तर पुढे बरं गेलं असतं. वर्ग १५ जुलैला सुरू झाले. तीस आठवडे, सहा स्वाध्याय, चाळीस नोंदींची निरीक्षणवही, शेवटी प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा. साहित्य म्हणाल तर दहा पट मोठं दाखवणारं हातातलं भिंग, चिमटा, मोजपट्टी आणि पेन्सिल. खरा खर्च वेळेचा आहे: आठवड्याला सहा-सात तास मोकळे ठेवता येत नसतील तर पुढच्या तुकडीची वाट पाहणं चांगलं.

पहिले तीन आठवडे पायऱ्या पाठ करण्यात गेले. सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. इथे एक गोंधळ सुरुवातीलाच मिटवून घ्या. वर्तमानपत्रात ‘दुर्मीळ प्रजाती सापडली’ असं छापून येतं तेव्हा बहुतेक वेळा त्यांना जाती म्हणायची असते. पाठ्यपुस्तकात प्रजाती ही जातीच्या वरची पायरी आहे. माणसाच्या होमो सेपियन्स या नावात होमो ही प्रजाती, आणि दोन्ही शब्द मिळून जातीचं नाव. मी दोन आठवडे हे उलटसुलट वापरत होते आणि पहिल्या स्वाध्यायात त्याचे गुण गेले.

नुसत्या पायऱ्या पाठ करून काहीच हाती लागत नाही. मला उपयोगी पडलं ते असं: एकच जीव घ्यायचा आणि त्याचं बोट धरून वरपर्यंत चढायचं. मी मधमाशी घेतली. एपिस ही प्रजाती. एपिडी कुलात भुंगे आणि इतर कितीतरी माश्या येऊन मिळतात. हायमेनोप्टेरा गणात मुंग्या आणि गांधीलमाश्या येतात. कीटक वर्गात चतुर, नाकतोडे, फुलपाखरं. संधिपाद संघात कोळी, खेकडे, गोम. आणि प्राणिसृष्टीत आपणही. प्रत्येक पायरीवर ‘आता कोण नवीन आलं आणि या सगळ्यांत समान काय आहे?’ एवढं विचारायचं. मुंगी आणि मधमाशी एकाच गणात का, हे कमरेकडे भिंगातून पाहिलं तेव्हा पटलं. दोघींचीही कंबर चिमटल्यासारखी बारीक असते.

लिनियसबद्दल वाचताना मला त्याचं बदलणं सगळ्यात आवडलं. कार्ल लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७३५ मध्ये सृष्टीच्या रचनेवरचं पुस्तक पहिल्यांदा काढलं तेव्हा ते अगदी थोड्या पानांचं होतं आणि देवमासा त्यात माशांमध्ये होता. १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत त्याने देवमाशाला तिथून उचललं आणि सस्तन प्राण्यांत ठेवलं. प्राण्यांची शास्त्रीय नावं आजही त्याच आवृत्तीपासून ग्राह्य धरली जातात, वनस्पतींची १७५३ च्या त्याच्या दुसऱ्या पुस्तकापासून. ॲरिस्टॉटलने तर दोन हजार वर्षं आधीच लिहून ठेवलं होतं की डॉल्फिन हवेत श्वास घेतो आणि पिलांना दूध पाजतो. निरीक्षण होतं, त्याला वजन किती द्यायचं, याचा निर्णय व्हायला एवढा काळ गेला.

ऑगस्टमध्ये ओळखकिल्ली, म्हणजे जीव ओळखायला मदत करणारी प्रश्नांची साखळी, करायची होती. प्रत्येक पायरीवर दोनच पर्याय, एक निवडला की पुढच्या पायरीवर. १७७८ मध्ये लामार्कने फ्रान्समधल्या वनस्पतींसाठी अशी किल्ली वापरली होती. मला बारा वेगवेगळ्या झाडांची पानं ओळखणारी किल्ली करायची होती. मी पहिला प्रश्न लिहिला: ‘पान मोठं की लहान?’ मग ती किल्ली एका मैत्रिणीच्या हाती दिली आणि ती पहिल्याच पायरीवर चुकीच्या फांदीला गेली. मोठं म्हणजे कशापेक्षा मोठं? दुसऱ्या खेपेला प्रश्न बदलले: पानं समोरासमोर फुटतात की एकाआड एक? कडा सरळ की दातेरी? शिरा समांतर की जाळीदार? आता ती बाराच्या बारा पानांपर्यंत बरोबर पोचली. तुम्ही किल्ली कराल तेव्हा ती स्वतः तपासू नका. तुम्हाला उत्तर आधीच ठाऊक असतं.

आणि किल्ली नात्याबद्दल काही सांगत नाही, हे तेव्हा मला कळलेलं नव्हतं. किल्लीत शेजारी आलेले दोन जीव घराच्या पत्त्यात शेजारी आलेल्या दोन कुटुंबांसारखे असतात. रक्ताचं नातं असेल, नसेल. ते कळलं तिसऱ्या स्वाध्यायाला, आणि तो स्वाध्याय माझ्यासाठी सगळ्यात अवघड गेला.

सात प्राणी दिले होते: शार्क, बेडूक, पाल, मगर, कबूतर, मांजर, देवमासा. लक्षणांचा तक्ता करायचा आणि त्यावरून नात्याचा वृक्ष काढायचा. मी रकाने केले: पाण्यात राहतो, अंडी घालतो, पाय नाहीत, शरीर थंड. चार संध्याकाळी बसून वृक्ष काढला. देवमासा शार्कच्या फांदीवर गेला. देवमासा सस्तन आहे हे मला ठाऊक होतं, तरी तक्ता तिकडे नेत होता, म्हणून मी तसंच पाठवून दिलं. ११ दिवसांनी स्वाध्याय परत आला. मार्गदर्शक मॅडमनी गुण दिले नव्हते. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर लाल शाईत एकच प्रश्न होता: ‘हे लक्षण कधीपासूनचं?’

त्या दिवशी मला रडू आलं. सोडून द्यावं असंही वाटलं. तक्ता मी प्रामाणिकपणे भरला होता आणि चुकलंय कुठे तेच समजत नव्हतं. दोन दिवसांनी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, “अंडी घालणं या सातही जणांच्या पूर्वजांपासून चालत आलंय. घरात सगळ्यांकडे असलेली वस्तू कुणाची सख्खी बहीण कोण ते सांगेल का? आणि ‘पाय नाहीत’ हे लक्षणच धरू नका. नसण्याची कारणं दहा असतात.”

मग वही घेऊन पुन्हा बसले. या वेळी प्रत्येक लक्षणाला एकच प्रश्न: हे कुठल्या फांदीवर नव्याने आलं? चार पाय बेडकापासून पुढच्या सगळ्यांत, आणि देवमाशाच्या पुढच्या वल्ह्यातही खांद्यापासून बोटांपर्यंतची तीच हाडं आहेत. गर्भाभोवतीचं पाण्याने भरलेलं आवरण पाल, मगर, कबूतर, मांजर, देवमासा या पाचांत. केस आणि दूध फक्त मांजर आणि देवमाशात. शेपूटही बोलू लागली: मासा ती डावी-उजवीकडे हलवतो, देवमासा वर-खाली. धावणाऱ्या सस्तन प्राण्याचा कणाही तसाच वर-खाली वाकतो.

एक गाठ तरी सुटेना. मी लिहिलं होतं की चार कप्प्यांचं हृदय मगर आणि कबुतराला जवळ आणतं. मॅडम म्हणाल्या, “मांजरालाही चार कप्पे आहेत, मग?” यावर मी आठवडाभर अडकले. उत्तर रक्तवाहिनीत सापडलं. हृदयातून निघणारी महाधमनी पक्ष्यांत उजवीकडे वळते आणि सस्तन प्राण्यांत डावीकडे. चार कप्पे दोन्हीकडे आहेत, पण ते दोन वेगळ्या वाटांनी आले. एकटं लक्षण फसवू शकतं. म्हणून सगळी लक्षणं एकत्र मांडायची आणि कमीत कमी बदलांत जो वृक्ष जुळतो तो धरायचा.

ही शिस्त घालून देणारा विली हेनिग स्वतः माश्यांचा अभ्यासक होता, दोन पंखांच्या त्याच गणाचा ज्याने मला या वाटेला लावलं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी तो ब्रिटिशांच्या कैदेत होता आणि १९४५ मध्ये तिथेच त्याने या विचारांचा कच्चा खर्डा लिहिला. १९५० मध्ये ते जर्मन भाषेत पुस्तक म्हणून आलं. त्याचं म्हणणं असं की एका पूर्वजाची सगळी संतती एकत्र धरली तरच तो खरा गट. ते मानलं की सवयीची कपाटं मोडतात. मगरीचे आजचे सर्वांत जवळचे नातेवाईक पक्षी आहेत, पाल नव्हे. म्हणजे पक्ष्यांना बाहेर ठेवून ‘सरीसृप’ हा गट पूर्ण होत नाही. ‘अपृष्ठवंशीय’ तर पाठीचा कणा नसणाऱ्यांची नुसती गोळाबेरीज. फुप्फुसमासा सॅमन माशापेक्षा आपल्याला जवळचा आहे. हे वाचल्यावर पाठ केलेलं सगळं वाया गेलं की काय, अशी धास्ती वाटते. तसं नसतं. जुनी नावं बोलण्यापुरती राहतात, फक्त ती कुठे अपुरी आहेत हे आपल्याला माहीत होतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबर हा माझा सगळ्यात आनंदाचा काळ होता, आणि त्याचं कारण मराठी नावं. आपल्या पूर्वजांनी जे डोळ्यांना दिसलं त्यावरून नावं ठेवली, आणि ती चांगलीच ठेवली. देवमासा मासा नाही. पाणघोडा घोडा नाही. समुद्रघोडा मात्र खरोखर मासा आहे. खवल्या मांजर हे मांजर नाही, तरी मांजर-कुत्र्यांचा गण हाच त्याचा आजचा सर्वांत जवळचा नातलग गण ठरला आहे. आणि ज्या दोघांच्या नावात एकाला मासा म्हटलं आणि दुसऱ्याला घोडा, ते देवमासा आणि पाणघोडा एकमेकांचे आजचे सर्वांत जवळचे नातेवाईक आहेत.

हे मी लगेच मानलं नाही, मानू नयेच. पुरावा दोन दिशांनी येतो. नव्वदच्या दशकात जपानमध्ये नोरिहिरो ओकादा यांच्या गटाने डीएनएमधल्या अशा तुकड्यांचा शोध घेतला जे एका जागेवरून नक्कल होऊन दुसरीकडे घुसतात. तोच तुकडा नेमक्या त्याच जागी दोन वेगवेगळ्या वंशांत आपापला घुसणं जवळपास अशक्य. आणि देवमासा व पाणघोडा या दोघांत असे तुकडे त्याच जागी मिळाले. मग २००१ मध्ये पाकिस्तानात सापडलेल्या, पाय असलेल्या प्राचीन देवमाशांच्या जीवाश्मांचं वर्णन प्रसिद्ध झालं. त्यांच्या घोट्याच्या हाडाला दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच होती. अशी दुहेरी कप्पी हरीण, डुक्कर, पाणघोडा अशा समखुरी प्राण्यांची खूण आहे. मागचे पायच नाहीसे झाल्यावर घोटाही उरला नाही, म्हणून आजच्या देवमाशात ती दिसत नाही. लिनियसने देवमाशाला माशांतून काढलं, आणि अडीचशे वर्षांनी घोट्याच्या हाडाने त्याला समखुरी प्राण्यांच्या घरात नेऊन बसवलं. त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

वनस्पतींत ‘निवडुंग’ या शब्दाने असंच केलं. फड्या निवडुंग आणि त्रिधारी निवडुंग, दोन्ही मांसल, दोन्ही काटेरी. पण त्रिधारीला जरा ओरखडा बसला की पांढरा चीक येतो. तो एरंडाच्या कुलातला. (चीक डोळ्याला आणि त्वचेला जाळतो, हातमोजे घाला.) फड्याला चीक नसतो आणि त्याचे काटे लवदार गादीसारख्या ठिपक्यातून येतात; तो कॅक्टसच्या कुलातला. कोरड्या हवेने दोघांना सारखं घडवलं. वहीत मी दोघांची एकच नोंद केली होती, तिच्या दोन केल्या. भूछत्रांची पानं तर वनस्पतींच्या भागातून कापूनच काढावी लागली. कवकांच्या पेशीभित्तिकेत कायटिन, म्हणजे कीटकांच्या कवचात असतो तो पदार्थ, असतं, आणि आनुवंशिक पुरावा त्यांना वनस्पतींपेक्षा प्राण्यांच्या जवळ नेतो. म्हणून सांगते, निरीक्षणवही शिवलेली घेऊ नका. सुटी पानं लावता येतील अशी घ्या.

जिवाणूंचा भाग मी भरभर उरकला आणि त्याचा पश्चात्ताप आहे. एका पुस्तकात व्हिटेकरची १९६९ ची पंचसृष्टी पद्धत, दुसऱ्यात वूज यांची १९९० ची तीन अधिक्षेत्रं (सृष्टीच्याही वरची पायरी), आणि मी दोन्ही एकाच उत्तरात मिसळली. कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये रायबोझोममधल्या (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या कणांमधल्या) आरएनएची तुलना करून दाखवलं होतं की जिवाणूंसारखे दिसणारे काही सूक्ष्मजीव वेगळ्याच शाखेचे आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारखेच दिसतात. कुठलीही पद्धत लिहाल तेव्हा शेजारी तिचं साल लिहा. अर्धा गोंधळ तिथेच संपतो.

प्रात्यक्षिक परीक्षा ९ मार्चला झाली. दोन छोट्या बाटल्या समोर ठेवल्या. दोन्हींत ओंडक्याखाली सापडणारे, हात लागताच गोळी होणारे गडद रंगाचे जीव. मला पंधरा मिनिटं दिली होती. पहिल्यांदा दोन्ही एकच वाटले आणि हात थरथरायला लागला. मग भिंग घेऊन खालची बाजू पाहिली. पहिल्याला पायांच्या सात जोड्या, एका खंडाला एक जोडी: हा कवचधारी, खेकडा आणि कोळंबीचा नातलग. दुसऱ्याच्या बहुतेक खंडांना दोन-दोन जोड्या: हा सहस्रपाद. संकटात गोळी होणं दोघांकडे आपापलं आलेलं.

तोंडी परीक्षेत वाळवीबद्दल विचारलं. तिला पांढरी मुंगी म्हणतात म्हणून मुंगीपाशी ठेवाल का? मी म्हटलं नाही, मुंगीची कंबर बारीक असते, वाळवीची नसते. जुन्या पुस्तकांत तिचा स्वतंत्र गण आहे. आता तिला झुरळांच्या गणात धरतात, कारण लाकूड खाणाऱ्या काही झुरळांच्या आतड्यात वाळवीसारखेच सूक्ष्मजीव असतात आणि डीएनएही तेच सांगतं. पुढचा प्रश्न कमळ आणि कुमुद यांच्या नात्याचा होता. दोन्ही पाण्यात फुलतात एवढंच आठवलं. कमळ हे कुमुदाचं जवळचं नातलग नाही, चिनार वृक्षाच्या गटाजवळचं आहे, हे मी वाचलेलं होतं आणि ऐनवेळी सुचलं नाही. घरी आल्यावर आधी तीच नोंद वाचली.

निकाल २६ दिवसांनी आला. प्रमाणपत्रावर नावाचं एक अक्षर चुकलं होतं, दुरुस्तीचा अर्ज केला आहे आणि त्याचं उत्तर अजून यायचं आहे. मूळ प्रतीची स्पष्ट स्कॅन जोडली, सही या वेळी जाड पेनाने केली.

निरीक्षणवही मात्र परत मिळाली. चाळीस नोंदींपैकी ३७ क्रमांकाची नोंद एका बारीक भुंगेऱ्याची आहे. पुढचे पंख टणक, मधोमध सरळ रेषेत मिटलेले, म्हणजे कोलिऑप्टेरा गण नक्की. मिशांवरून कुलही ठरवता आलं. त्यापुढे प्रजाती ठरवायला पायाच्या शेवटच्या टोकाचे सांधे मोजायला हवेत, आणि ते माझ्या भिंगात दिसत नाहीत. परीक्षेच्या आदल्या रात्री तिथे अंदाजाने एखादं नाव लिहावं असं खूप वाटलं होतं. लिहिलं नाही, ‘कुलापर्यंत’ एवढंच लिहून ठेवलं. मॅडमनी त्या ओळीखाली बरोबरची खूण केली आहे आणि शेजारी पेन्सिलने लिहिलंय: ‘४० पटीचा सूक्ष्मदर्शक मिळाला की पुन्हा बघा. नमुना जपून ठेवा.’ तो एका छोट्या बाटलीत स्पिरिटमध्ये ठेवला आहे, आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी घालून; शाई विरघळते.